जुन्या गाडीतली साउंड सिस्टिम: तुमचे अनुभव लिहा

दोन महिन्यांपूर्वी बारा वर्षं वापरलेली गाडी घेतली. इंजिन उत्तम आहे, गिअर मऊ पडतात, पण गाणं लावलं की पुढच्या डाव्या दारातून फाटका आवाज येतो. आवाज थोडा वाढवला की दाराचं पॅनेलही सोबत थरथरायला लागतं. रोज जाऊन-येऊन दीड तास गाडीत जातो आणि निवांत गाणं ऐकायला मला तेवढाच वेळ मिळतो. त्यामुळे हे काम मनापासून नीट करायचं आहे.

ज्याला विचारावं तो म्हणतो, सगळं काढा आणि नवं बसवा. मला ते पटत नाही. ज्यांनी वापरलेल्या गाडीत स्पीकर, स्टिरिओ, ॲम्प्लिफायर यातलं काहीही बदललंय, त्यांनी कशाने फरक पडला ते लिहा. फसलेलं काम तर आवर्जून लिहा.

*

फाटका आवाज म्हणजे बहुतेक कोनाभोवतीची (स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूभोवतीची) कड गेली असणार. माझ्या गाडीत तेच होतं. पॅनेल उघडून फोमच्या कडेला बोट लावलं, तर ती काळ्या भुकटीसारखी हातात आली. कोन शाबूत होता, पण त्याला धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं. ऊन आणि दमट हवा यांनी फोम काही वर्षांत असा विरून जातो. रबरी कड बरीच जास्त टिकते, म्हणून नवे स्पीकर घेताना मी आधी कड पाहिली, बाकीचं नंतर.

फसलो ते खोली मोजली नाही म्हणून. जुना स्पीकर साडेसहा इंची, नवाही साडेसहा इंची, स्क्रूची भोकंसुद्धा जुळली. पॅनेल लावून काच खाली केली तर अर्ध्यावर खट् करून अडकली. नव्या स्पीकरचं मॅग्नेट जाडजूड आणि थेट काचेच्या वाटेत! मग स्पीकर पुढे आणायला एमडीएफची (लाकडी भुसा दाबून केलेल्या फळीची) रिंग करून घातली. एका पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगली आणि स्क्रू सैल पडले. आता प्लास्टिकची रिंग आहे, तीन वर्षं झाली, काही तक्रार नाही. काच पूर्ण खाली करून पट्टीने मागची जागा मोजा आणि मगच स्पीकर घ्या.

*

पॅनेल थरथरतं असं लिहिलंय, म्हणून माझा अनुभव जरा सविस्तर सांगतो.

मी स्पीकर बदललेच नाहीत. आधी दार केलं. स्पीकरचा कोन पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. मागून निघालेला आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो. दाराच्या आतल्या पत्र्याला हात घालण्याएवढी मोठी भोकं असतात. त्यातून तो मागचा आवाज पुढे येतो, दोन्ही एकमेकांना मारतात आणि बेस गायब होतो. त्यात बाहेरचा पातळ पत्रा स्वतःच वाजत असतो.

काम दोन दिवस चाललं. पॅनेल काढून आतला पत्रा स्पिरिटने पुसला, बारा वर्षांची माती आणि जुना चिकट डांबरी गोंद निघेपर्यंत. मग ब्युटाइलच्या (पत्र्याचं थरथरणं दाबणाऱ्या चिकट रबराच्या) शीट कापून बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवल्या. वरची ॲल्युमिनियमची नक्षी सपाट होईपर्यंत छोटा रोलर फिरवायचा, हे महत्त्वाचं, नाहीतर शीट उन्हात सुटते. नंतर आतल्या पत्र्याची भोकं बंद केली. काम सुरू करायच्या आधी दारावर बोटांनी टकटक केलं होतं तेव्हा रिकाम्या डब्यासारखा टण्ण आवाज आला होता. शीट लावल्यावर त्याच जागी टकटक केलं तर नुसतं ठप्प. जुन्याच स्पीकरमधून तबल्याचा बायाँ पहिल्यांदा भरीव ऐकू आला तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

दोन गोष्टी विसरू नका. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात, ती बुजवायची नाहीत. आणि पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाडून फेकायचा नाही. काचेवरून आत उतरणारं पाणी तोच अडवतो. पुन्हा नीट चिकटवा, नाहीतर पॅनेल भिजतं आणि पायाखालचं कार्पेटही.

*

माझी कथा वायरिंगची. वापरलेली गाडी घेताना हे कुणी पाहत नाही.

आधीच्या मालकाने कंपनीचा कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापून बाहेरचा स्टिरिओ जोडला होता. स्टिरिओ बाहेर ओढला तर मागे चिकटपट्टी गुंडाळलेल्या वायरींचा गुंता, काही ठिकाणी पट्टी वितळून तांबं उघडं पडलेलं. बाजारातल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात: पिवळी कायमच्या 12 व्होल्टची, लाल चावीची, काळी अर्थची. पुढचा डावा स्पीकर पांढरा, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा आणि काळी रेघ असलेली प्रत्येकाची निगेटिव्ह. गाडीच्या बाजूचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, तिथे अंदाज चालत नाही.

मी दीड व्होल्टचा साधा सेल घेऊन बसले. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवला की कोन बाहेर यायला हवा. (हे करताना वायरी स्टिरिओपासून सुटलेल्या असाव्यात.) उजव्या दाराचा कोन आत जात होता. म्हणजे दोन वर्षं माझे डावे-उजवे स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ओढत होते, आणि मी बेस वाढवत बसले होते. दोन वायरींची अदलाबदल केली आणि गायिकेचा आवाज दोन्ही दारांत विखुरलेला होता तो समोर, डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभा राहिला. नंतर सगळे जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली.

बॅटरीची निगेटिव्ह सोडल्यावर जुना स्टिरिओ कोड मागू शकतो. कागदपत्रांत तो कोड आहे का, ते आधीच बघून ठेवा.

*

दार उघडं असताना आवाज येतो आणि बंद केलं की जातो, किंवा याच्या उलट, असं होतंय का? मग बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तुटलेली असते. दार हजारो वेळा उघडमिट होऊन तांबं आतल्या आत तुटतं, वरून काही दिसत नाही. मी आधी स्पीकर बदलला. दुखणं तिथे नव्हतंच.

*

खोक्यावरच्या वॅटवर जाऊ नका. स्टिरिओवर 50 वॅट गुणिले 4 लिहिलेलं असतं, ते क्षणिक कमाल असतं. आतल्या ॲम्पमधून सलग मिळतात साधारण 15 ते 20 वॅट. वेगळा ॲम्प लावणार नसाल तर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर तो किती मोठ्याने वाजतो ते. 87 डेसिबलऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर घेतला तर ॲम्पची ताकद दुप्पट केल्याइतका फरक पडतो.

*

मी ॲम्प आणि सीटखालचा आठ इंची सबवूफर बसवून घेतला. पहिल्या आठवड्यात दोनदा सकाळी गाडी सुरू झाली नाही. ॲम्पला चालू-बंद करणारी वायर, म्हणजे स्टिरिओची निळी-पांढरी, बसवणाऱ्याने सरळ कायमच्या 12 व्होल्टवर जोडली होती. ॲम्प रात्रभर चालू राहून बॅटरी पीत होता.

ते निस्तरलं तर शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी, सोडला की उतरणारी. गाणं शांत झालं की तीच ऐकू यायची आणि डोकं उठायचं. सीटखालचा अर्थचा बोल्ट सोडला तर खाली रंगाचा जाड थर तसाच. घासून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला, शिट्टी निम्मी झाली. उरलेली गेली ती आरसीए केबल (स्टिरिओतून ॲम्पकडे गाणं नेणारी) पॉवरच्या वायरीपासून सोडवून गाडीच्या दुसऱ्या बाजूने ओढल्यावर.

आणि एका बाबतीत अजिबात तडजोड करू नका. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीला फ्यूज बॅटरीच्या जवळ, फूट-दीड फुटाच्या आत हवा. माझ्याकडे तो ॲम्पजवळ लावला होता. मधली सगळी वायर पत्र्याला घासत गेलेली. कुठे साल निघाली असती तर तो फ्यूज काहीच वाचवू शकला नसता, वायर तापून कार्पेट पेटलं असतं.

*

मी वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळं सांगते. मी गाडीत गाणी कमी आणि पुस्तकांचं वाचन जास्त ऐकते. शब्द कळत नव्हते म्हणून स्पीकर बदलणार होते. त्याआधी स्टिरिओची सेटिंग पाहिली: फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारा) पूर्ण मागे, बेस टोकाला. फेडर पुढे आणला, बेस शून्यावर ठेवला, 80 हर्ट्झच्या खालचं दारातल्या स्पीकरकडे जाणं बंद केलं. शब्द लख्ख झाले. स्पीकर अजून कंपनीचेच आहेत.

*

धागा काढणारा मीच. सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी डावं पॅनेल उघडलं. तीन क्लिपा तुटल्या, नव्या आणल्या. फोमची कड खरंच भुकटी झाली होती. प्लास्टिकचा कागद खालून फाटलेला, आणि तळाच्या दोन छिद्रांपैकी एक चिखलाने बंद. तारेने मोकळं केलं तेव्हा अर्धा पेलाभर गढूळ पाणी बाहेर आलं. रबरी कडेचे स्पीकर सांगून ठेवलेत, काचेमागची जागा मोजून. ते येईपर्यंत दार कोरडं करून शीट लावतोय. सध्या डाव्या दारात स्पीकरच नाही, तरी दार लावताना होणारा आवाज आत्ताच बदललाय.

उजवं दार पुढच्या रविवारी. सेलची चाचणी दोन्ही बाजूंना करून इथेच लिहितो.