‘लेयर’ला थर म्हणायचं की पदर?

मावशीला फोटो एडिटिंग शिकवतेय, त्यातून हा प्रश्न आलाय. लेयर म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले वेगवेगळे भाग, एकावर काम केलं तरी बाकीचे तसेच राहतात. ती परळला राहते, गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, व्हॉट्सॅपला टाकायचं पोस्टर दरवर्षी कोणाकडून तरी करून घ्यायची, यंदा म्हणाली मलाच शिकव. लॅपटॉपवर गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, फुकट आहे आणि लेयरचं काम साधारण फोटोशॉपसारखंच चालतं. पहिल्या दिवशी तिने मोदकांच्या फोटोवरच ब्रशने लाल फुलं काढली, आवडली नाहीत म्हणून खोडरबर फिरवला तर फुलांबरोबर खालचं केळीचं पानपण गेलं आणि पांढरा पट्टा उमटला. तेव्हा सांगितलं की फुलं वेगळ्या थरावर काढ, मग फोटोला धक्का लागत नाही.

आता परळमध्ये थर म्हटलं की दहीहंडी. जय जवान गोविंदा पथकाने २०१२ ला ठाण्यात ९ थर लावले होते ते तिला अजून आठवतंय. तिने लगेच विचारलं, खालचा थर बंद केला तर वरचे पडतील ना? लेयर दाखवायच्या-लपवायच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिकच करेना. आणि तिचा प्रश्न बरोबर आहे हो, थर या शब्दात वजन आहे, खालच्याने वरच्याला पेललेलं असतं. शिवाय धुळीचा थर घ्या, सायीचा घ्या, खालचं झाकलं जातं. सॉफ्टवेअरमध्ये तसं काहीच नाही, सगळ्यात खालची लेयर बंद केली तरी वरची जागच्या जागी राहते, क्रम उलटा केला तरी चालतं, रिकाम्या भागातून खालचं दिसतं.

मग मी पदर म्हटलं. घडीच्या पोळीचे पदर सुटतात तसे, आणि साडीचा पदर झिरझिरीत असला की आतलं दिसतं तसं. हे तिला पटकन कळलं. मला वाटतं शिकवताना पदरच वापरावा. तुम्ही काय म्हणता?

---

ताई, पदर गोड आहे पण त्यातही घोळ आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला आपण सहापदरी म्हणतो, तिथे पदर शेजारी शेजारी आहेत, एकावर एक नाहीत. दोनपदरी मंगळसूत्र, तीनपदरी दोरी, सगळीकडे तेच. पोळीचे पदरसुद्धा एकाच कणकेचे, आणि लेयरमध्ये एक फोटो, एक अक्षरं, एक नुसता रंग असं काहीही असतं. उलट ओझोनचा थर म्हटल्यावर कोणाला गोविंदा आठवत नाहीत, म्हणजे थर पेलणाराच हवा असं नाही. लिखाणात थरच ठेवावा असं माझं मत. पापुद्रा पण सुचला होता पण तो फारच पातळ आणि तुटका वाटतो, खारीला ठीक आहे.

---

मी गिरगावात स्क्रीन प्रिंटिंगमध्ये बरीच वर्षं काढली म्हणून लिहितोय. आमच्याकडे प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, लग्नपत्रिकेत लाल आणि सोनेरी असेल तर दोन, आणि खुणेला खूण जुळली नाही तर सगळा गठ्ठा वाया. त्यामुळे कॉम्प्युटरवर लेयर आली तेव्हा आम्हाला कोणी समजवावं लागलं नाही. फोटोशॉपमध्ये ती १९९४ ला ३.० मध्ये आली, त्याआधी एखादी गोष्ट पेस्ट करून सिलेक्शन सोडलं की ती चित्राला कायमची चिकटायची, परत हलवता यायची नाही. कामावर आम्ही लेयरच म्हणायचो, ‘खालची ऑफ कर’, ‘वरची लॉक आहे बघ’. मल्टिप्लाय, म्हणजे वरच्या लेयरचा रंग खालच्यात मिसळायची पद्धत, तेपण सोपं गेलं, पिवळ्या शाईवर निळी पडली की हिरवं होतं तेच ते, वरचा रंग खालच्याला झाकत नाही, त्यात मिसळतो. म्हणून थर काय पदर काय, दोन्ही शब्द तिथे अर्धेच पडतात.

मला खरी काळजी मास्कची आहे, म्हणजे लेयरचा काही भाग लपवायची जी सोय असते तिची. मुलं मास्कला मुखवटा म्हणतात आणि पुढे शिकवणाऱ्याचा दिवस जातो, कारण मुखवटा तोंडावर चढवतात, त्याने दुसराच चेहरा दिसतो. इथे मास्कवर काळं फिरवलं तिथे लेयर लपते, पांढरं फिरवलं तिथे परत दिसते, करड्याने अर्धवट, आणि मूळ चित्रातलं काही पुसलं जात नाही. खोडरबर आणि मास्क यातला फरक कळला की निम्मं काम शिकून झालं. याला मराठीत चांगला शब्द हवाय.

---

दादा, खूप उपयोगी लिहिलंत. मास्कसाठी मी काल मावशीला रांगोळीची जाळी सांगून बघितली. भोक आहे तिथून रंग खाली पडतो, बुजलंय तिथे नाही, म्हणजे पांढरं म्हणजे भोक आणि काळं म्हणजे बुजलेलं. जमलं तिला, पोस्टरवरचा समईचा फोटो कडेने हळूहळू फिकट करत नेला, दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा पांढऱ्या ब्रशने समई परत आणली. जाळी हा शब्द मला तरी मुखवट्यापेक्षा शंभर पटीने बरा वाटतो.

सहापदरी रस्त्याचा मुद्दा पटला, तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता. लिहिताना थर लिहीन, पण बोलताना मावशी आता सरळ ‘ती लेयर’ म्हणते, स्त्रीलिंगी, आणि अनेकवचन ‘लेयरी’. आमच्या ऑफिसात काहीजण ‘तो लेयर’ म्हणतात, बहुतेक थर पुल्लिंगी म्हणून असेल. तुमच्याकडे काय म्हणतात तेही लिहा.

अजून एक शब्द तिनेच दिलाय तो सांगायचा राहिला. फ्लॅटनला, म्हणजे सगळ्या लेयरी मिळून एकच करण्याला, कुठे सपाट करणे, कुठे विलीन करणे असं वाचलं होतं, ती म्हणाली एकजीव करणे म्हण की. गूळ-खोबरं शिजून सारण एकजीव झालं की परत गूळ वेगळा काढता येत नाही. जेपीजी केलं की नेमकं तेच होतं, सगळ्या लेयरी एकजीव. म्हणून ती आधी एक्ससीएफ, म्हणजे लेयरी वेगळ्या ठेवणारी गिंपची फाईल, सेव्ह करते, काल नारळ महागला तेव्हा तीच फाईल उघडून फक्त भावाची लेयर बदलली.