मसाला हाँगकाँगला अडला की कट, घरी खपला की परंपरा?

टिळकरोड:
"आपल्या मसाल्यांवर जगाने डूख धरलाय" ही परवाची पोस्ट वाचली. म्हणणं थोडक्यात असं: एप्रिल 2024 मध्ये हाँगकाँगने एमडीएच आणि एव्हरेस्टच्या चार मसाल्यांची विक्री थांबवली, पाठोपाठ सिंगापूरने एक परत मागवला, हा सगळा व्यापारी कट. सगळ्या देशांनी बसून एकच नियम करावा, म्हणजे असले प्रकार थांबतील. खाली नुसता जयजयकार. उत्तर द्यायचं नव्हतं, पण राहवेना.

बसून नियम करणारे 1963 पासून बसलेलेच आहेत हो! कोडेक्सची, म्हणजे खाद्यपदार्थांची जागतिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, स्थापनाच त्यासाठी झाली. मसाल्यांची वेगळी समिती 2013 ला निघाली, तिचे यजमान आपणच, कोचीचं स्पायसेस बोर्ड. तिथे हळदीचं मानक ठरायला 2024 उजाडलं. हळदीचं! आणि ज्या एथिलीन ऑक्साइडवरून, म्हणजे मसाल्यातले जंतू मारायच्या वायूवरून, ही बोंब झाली, त्याला कोडेक्सची मर्यादाच नाही. मसाल्यात युरोप म्हणतो किलोला 0.1 मिलिग्रॅम, अमेरिका म्हणते 7. सिंगापूर निर्जंतुकीकरणापुरता चालवून घेतं. कट करायचा तर आधी यांचं आपसात तरी जमायला हवं ना?

आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या एफएसएसएआयने, म्हणजे देशातल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, काय केलं? भारतात नोंद नसलेल्या कीडनाशकांची मसाल्यांसाठीची सरसकट मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवरून 0.1 केली. दहापट. तेव्हा कोणाला कट दिसला नाही.

खडीसाखर:
ती पोस्ट माझीच. उपहास उत्तम जमतो तुम्हाला, अभिनंदन. आता हे सांगा, हा गॅस मारतात कशाला? हौस म्हणून? मसाल्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू सापडला की माल परत. तो मारायला गॅस वापरला की अवशेष सापडले म्हणून माल परत. वाफेने निर्जंतुक करायची यंत्रं छोट्या कारखानदाराला परवडतात का? ज्यांना परवडतात त्यांनीच नियम लिहिलेत. याला कट म्हणा नाहीतर आणखी काही.

लॅबवाला:
दोघांनाही. मसाला समिती अवशेषांच्या मर्यादा ठरवत नाही, ती दर्जाची मानकं करते. अवशेषांची समिती वेगळी, तिचं यजमानपद चीनकडे. दुसरं, 0.1 आणि 7 अशी थेट तुलना होत नाही. युरोप एथिलीन ऑक्साइड आणि त्यापासून होणारं क्लोरोइथेनॉल यांची बेरीज धरतो. अमेरिका दोन्ही वेगळी मोजते आणि दुसऱ्याला 940 पर्यंत सूट देते. म्हणजे दरी तुम्ही म्हणता त्याहून मोठी.

आणि मतदान घेऊन एकच नियम होईल असं कोणाला वाटत असेल तर: 2012 मध्ये मांसातल्या रॅक्टोपामाइनवर, म्हणजे जनावरांचं मांस वाढवायच्या औषधावर, कोडेक्समध्ये मतदान झालं होतं. 69 विरुद्ध 67. युरोपने तो निकाल आजतागायत मनावर घेतलेला नाही.

निफाडची थंडी:
मसाल्याचं सोडा, द्राक्षाचं बोला. 2010 ला युरोपने क्लोरमेक्वाट, आमच्या भाषेत सीसीसी, सापडलं म्हणून कंटेनर अडवले. एप्रिल छाटणीनंतर काडीची वाढ आवरायला आम्ही वर्षानुवर्षं ते मारत होतो. चालत नाही हे आधी एकानेही सांगितलं नव्हतं. आमचा माल ज्याने नेला त्या निर्यातदाराने फोन उचलणं बंद केलं. पैसे बुडाले ते बुडाले, वर बँकेचं व्याज. नियम जिनिव्हात होवोत की कोचीत, फटका बांधावरच बसतो.

पालेभाजी:
दादा, नुकसान झालं, वाईट वाटलं. पण एक विचारते, राग मानू नका. निर्यातीच्या प्लॉटला पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यातलं अंतर, पाळता, सॅम्पल देता, फवारणीची वही ठेवता. लोकलला जाणाऱ्या प्लॉटला काय करता?

निफाडची थंडी:
राग मानू नका म्हणून कानाखाली मारायची ही पुणेरी पद्धत छान आहे. लोकलला व्यापारी सॅम्पल विचारतो का? तुम्ही हातगाडीवर रिपोर्ट मागता का? घासाघीस तेवढी करता. चार रुपये जास्त द्या, तुमच्यासाठीही वही ठेवतो.

पालेभाजी:
म्हणजे औषध न फवारलेलं खायचं तर खंडणी द्यायची?

निफाडची थंडी:
खंडणी??? एक हंगाम बागेत काढून दाखवा, मग बोलू. हेमाशेपो, हे माझं शेवटचं पोस्ट.

लेस्टरची सून:
भांडा निवांत, मी चहा घेऊन बसलेय. पण एकच नियम म्हणजे स्वप्नरंजन, असं जे इथे चाललंय ते खरं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये बेल्जियमला भारतातून आलेल्या तिळात हाच एथिलीन ऑक्साइड सापडला. एका देशाने इशारा दिला आणि युरोपभर ब्रेड, बिस्किटं दुकानांतून निघाली. आम्ही ब्रिटनवाले तोवर युरोपीय संघातून बाहेर पडलो होतो, तरी इथेही परत घेतली. 2024 मध्ये ब्रिटनने भारतीय मसाल्यांना वेगळी तपासणीही लावली. आणि माझ्या बॅगेतून येतो तो सासूबाईंचा गोडा मसाला, त्यावर कुठल्याच लॅबचा शिक्का नसतो. तो मी निमूट खाते.

पालेभाजी:
डंकावर डोळ्यांसमोर कुटलेला तो! त्याची पाकिटाशी बरोबरी नको.

लॅबवाला:
कुटताना मिरचीतलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, घाबरून पळून जातं का? ओलसर मिरची डंकावर नेली की पाकिटाहून वाईट निघू शकते.

पालेभाजी:
आमच्या तीन पिढ्या जिवंत आहेत. तुमचा रिपोर्ट तुमच्याकडे ठेवा.

गिरगाव चौपाटी:
मसाल्यावर हशा पिकतो. औषधावर बोला जरा. 1986 ला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने 14 माणसं गेली. चौकशीला लेंटिन आयोग बसला, आम्ही तेव्हा पेपरात रोज वाचायचो. 2022 ला गांबियात 60हून अधिक मुलं गेली, डब्ल्यूएचओने बोट दाखवलं ते भारतीय सिरपकडे, विष तेच. मग सरकारने 1 जून 2023 पासून नियम केला: खोकल्याचं औषध परदेशी पाठवण्याआधी सरकारी प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र हवं. परदेशी पाठवण्याआधी, नीट वाचा. 2025 ला मध्य प्रदेशात छिंदवाड्यात 20हून जास्त मुलं दगावली, ते सिरप देशातच बनलेलं आणि देशातच विकलेलं.

टिळकरोड:
काका, बाहेर पाठवायचं ते तपासायचं आणि घरचं तसंच सोडायचं, हेच म्हणत होतो मी. तुम्ही ते कमी शब्दांत म्हणालात.

खडीसाखर:
सिरपचं मान्य, त्यात वाद नाही. मसाल्यात कट नसेल एक वेळ, घ्या, आज तुमचा दिवस. पण वाफेच्या यंत्राचे पैसे कोण देणार, याला टिळकरोड यांनी अजून हात लावलेला नाही.

टिळकरोड:
जो निर्यातीवर नफा कमावतो तो देईल. सोपं आहे.

निफाडची थंडी:
हेमाशेपो म्हटलं होतं, पण हे वाचून परत आलो. तो कुठला देतोय! भावातून कापून घेईल. सॅम्पलचा खर्च आत्ताही आमच्याच बिलातून जातो, बिल पाहिजे तर टाकतो इथे.

पालेभाजी:
टाका. आणि लोकलच्या प्लॉटची वही असेल तर तीही.