मराठी रॉक अल्बम, बजेट ४० हजार, हातात ६ आठवडे. प्रसिद्धी कशी करू?

मुठाकाठ
मंडळी, आम्ही चौघं पुण्यातले. नोकऱ्या सांभाळून चार वर्षांत ८ गाण्यांचा मराठी रॉक अल्बम केलाय, सगळा पानशेतच्या पुरावर. आजीचं घर नारायण पेठेत होतं, तिच्या आठवणींतून गाणी आली. शेवटच्या गाण्यात तिचाच आवाज आहे, गाळातून काढलेला पितळी डबा तीन दिवस घासला ते सांगताना. १२ जुलैलाच आणायचाय. मास्टरिंग झाल्यावर ४० हजार उरलेत, त्यावर एक रुपया नाही. लेबल नाही, मॅनेजर नाही. पैसे कुठे घालू?

ढोल_ते_ड्रम्स
व्हिडिओ! आम्ही दीड लाख घातले, वरंध घाटात ड्रोन लावून शूट केलं. आजही लोक त्यावरूनच ओळखतात. ४० हजारांत उरकू नका. थांबा, साठवा, मग करा.

मुठाकाठ
दादा, बजेट ४० आहे.

रात्रपाळी
काहीही करा, पण 'प्लेलिस्टमध्ये घालून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मी १२ हजार दिले. तीन दिवसांत ऐकणारे धो धो वाढले, बघतो तर सगळे परदेशातल्या एकाच शहरातले. महिन्याभरात वितरकाने, म्हणजे ॲप्सवर गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीने, गाणंच काढून टाकलं. दोन वर्षांची मेहनत होती हो ती.

जुना_प्रेक्षक
आमच्या वेळी हे काही नव्हतं. १९८६ला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला, मुंबईच्या उघड्या रंगभवनात आम्ही चिखलात उभं राहून ऐकायचो. बँड वाजवायचा आणि लोक जमायचे. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं, कार्यक्रम बंद झाले आणि मुंबईच्या रॉकचं घरच गेलं. तुम्ही पोरं मोबाइलवर काय शोधता?

स्वरलिपी
@जुना_प्रेक्षक काका, तेव्हा ऐकायला तिथे जावंच लागायचं. आता गाणं लोकांपर्यंत न्यावं लागतं.
मुठाकाठ, फुकटची कामं आधी उरका. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या खात्यातून प्रकाशनाआधी गाणं त्यांच्या प्लेलिस्ट करणाऱ्या संपादकांकडे पाठवता येतं, पण एका वेळी एकच. किमान ७ दिवस आधी पाठवलं तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये येतं. मी तर तीन-चार आठवडे आधीच पाठवते. आणि आठही गाणी एकदम सोडू नका. दोन आधी सुटी काढा, मग अल्बममध्ये तोच आयएसआरसी (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) द्या, म्हणजे ऐकल्याचे आकडे सोबत येतात. १२ महिन्यांत १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४पासून पैसे देत नाही. सगळं एकदम सोडलं की मधली गाणी तिथेच अडकतात.

रात्रपाळी
+१. बँडच्या नावाचं रोमन स्पेलिंगही आजच ठरवा. आमचं तीन ठिकाणी तीन प्रकारे गेलं आणि तीन वेगळी पानं तयार झाली.

शनिवारपेठी
जरा विषयांतर. पानशेत म्हणताय, पण खडकवासल्याचं पाणीही यात येतं का? ते धरण टिकलं म्हणूनच पुणं वाचलं ना?

गाळपेर
नाही हो, खडकवासलाही फुटलं. १२ जुलै १९६१, आधी पानशेत, मग त्या लोंढ्याने खडकवासला. जवानांनी आदल्या रात्री वाळूची पोती रचून पानशेत काही तास धरून ठेवलं म्हणून पाणी दिवसा आलं. रात्री आलं असतं तर काय झालं असतं, कल्पना करा.

शनिवारपेठी
बरोबर, आईला विचारलं. ती ११ वर्षांची होती. म्हणाली, लकडी पूल दिसेनासा झाला होता. इतकी वर्षं मी चुकीचं सांगत होतो.

माळ्यावरचा_खोका
टी-शर्ट काढू नका, कोणी सांगितलं तरी. आम्ही १०० छापले. दुसऱ्या धुण्यात छपाई निघाली, ६० अजून माळ्यावर आहेत. सगळे एक्सएल.

टेम्सकाठी
लंडनहून. बँडकॅम्पवर ठेवाच, तिथे ऐकणारे थेट कलाकाराकडून संगीत विकत घेतात. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, बँडकॅम्प फ्रायडे म्हणून ठरवलेल्या काही शुक्रवारी तेही सोडतात. मी पहिल्या दिवशी विकत घेईन. मात्र १२ जुलै शुक्रवार नाहीये. २०१५पासून जगभर शुक्रवारीच नवं संगीत येतं, तारीख दोन दिवस अलीकडे घ्या.

कोथरूड_एक्सप्रेस
सगळं वाचलं नाही, पण व्हिडिओ करा. आणि टी-शर्ट.

स्वरलिपी
राहिलंच. गीतकार-संगीतकार आयपीआरएसचे (त्यांचं मानधन गोळा करून देणारी संस्था) सभासद नसतील तर लगेच व्हा, गाणी नोंदवा. चौघांत कुणाचा वाटा किती ते आत्ताच लिहून सह्या करा. मैत्रीत हे बोलायला जड जातं, पण माझा आधीचा बँड नेमका यावरच फुटला. शब्द म्युझिक्समॅच या गाण्यांच्या शब्दांच्या साइटवर देवनागरीत टाका.

मुठाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. वाट्यांचा कागद काल रात्रीच केला, ड्रमरच्या घरी पोहे खाताना. स्पेलिंग ठरलं, आयपीआरएसचे अर्ज भरतोय, एक गाणं संपादकांकडे पाठवलं.

पण सुटी गाणी काढणार नाही आणि शुक्रवारही धरणार नाही. आठही गाणी १२ जुलैलाच, एकत्र. पहिल्या गाण्यात पाऊस सुरू होतो आणि आठव्यात डबा घासून होतो, मधलं कुठलंच उचलून देववत नाही. आकडे कमी येतील, चालेल.

व्हिडिओ नाही, जाहिरात नाही. गाण्यांचे शब्द आणि आजीच्या आठवणी अशा २०० पुस्तिका, छापणाऱ्याने १४ हजार सांगितले. पेठेतला छोटा हॉल आणि साउंड मिळून २२. उरलेले ४ वितरकाला आणि चहाला. संध्याकाळी ५ वाजता सुरू, सगळा अल्बम सलग वाजवणार. आजी येतेय.

@शनिवारपेठी, आईंना घेऊन या. हॉलला दोनच पायऱ्या आहेत. आजीच्या शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ठेवतो.