दिरानं आणलेली महागडी सेंटेड मेणबत्ती मधूनच खड्डा पडून जळतेय, वाचेल का?

शहापूरची_सून
नमस्कार मंडळी, प्रश्न चैनीचा आहे पण विचारतेच. आमचे धाकटे भावजी पॅरिसहून येताना दिप्तिक कंपनीची मेणबत्ती घेऊन आले, काचेच्या ग्लासातली, 190 ग्रॅम, 'बे' म्हणून वास आहे, गुलाब आणि ब्लॅककरंटच्या पानांचा. सासूबाईंच्या मते सरळ गुलकंद. मी नेटवर किंमत बघितली आणि गपचूप परत खोक्यात घालून कपाटात ठेवली, दिवाळीला लावू म्हणून. मग पावसाळा लागला, मी माहेरी खानापूरला आणि इकडं रात्री करंट गेला. सासूबाईंना साधी मेणबत्ती काय सापडली नाही, ही सापडली. आणि आवडली की! तेव्हापासून करंट गेला की हीच, आला की फू करून विझवायची, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं असं चाललंय.

आता मधोमध विहीर झालीय, कडेचं मेण जसंच्या तसं उभं. वात बुडाल्यागत दिसते, ज्योत मिणमिणती, वास जवळ नाक नेलं तरच, आणि काच वरून काळी. आतून निम्म्याच्या वर शिल्लक आहे म्हणून जीव तुटतो.

एक, हिचं काय करता येईल का? दोन, आमचं घर जुनं कौलारू, पावसात सोप्यात कुबट वास मारतो, त्याला असल्या मेणबत्तीनं फरक पडतो का? आणि नणंदेची वास्तुशांत आहे हिंदवाडीत, तिला अशीच एखादी द्यायचा विचार आहे, पण हजाराच्या आतली.

कट्ट्यावरचा_गडी
सासूबाईंना आमचा साष्टांग नमस्कार सांगा वो वैनी. मेणबत्ती अंधारात लावायचीच असती, त्यांचं काय चुकलं? तेवढ्या पैशात अख्ख्या गल्लीला कुंदा वाटून झाला असता. बाकी मला त्यातलं काय कळत न्हाई, फुडं काय होतंय ते बघूलोय.

अनगोळची_मेणवाली
ताई वाचते ती, टाकू नका. मी घरी सोया मेणाच्या करते, गणपती ते ख्रिसमस बऱ्यापैकी ऑर्डरी असतात, आणि सगळ्यात जास्त तक्रार हीच येते. याला टनेल पडला म्हणतात. ग्लासातली मेणबत्ती पेटवली की वरचा अख्खा थर काचेच्या कडेपर्यंत पातळ व्हायला पाहिजे, पहिल्या वेळेला तर पाहिजेच. ग्लासाच्या रुंदीच्या दर इंचाला एक तास असा ढोबळ हिशेब, म्हणजे तुमच्या ग्लासाला तीन तासाच्या आसपास. दहा मिनिटांत फक्त वातीभोवतीचं वितळतं, पुढच्या वेळी ज्योत तेवढी खाली जाते, कडेला गरमी पोचतच नाही, आणि ते खोल खोल जात राहतं. वास न येण्याचं कारणही तेच, वास पातळ झालेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून उडतो, तो पृष्ठभागच तुमच्याकडं रुपयाएवढा उरलाय.

आता उपाय. आधी वात मोकळी करायची. हेअर ड्रायर असेल तर वरून गरम हवा मारा, मधलं मेण पातळ झालं की थोडं वाटीत ओतून काढा किंवा टिश्यूनं टिपून घ्या, वात चार-पाच मिलिमीटर तरी वर दिसली पाहिजे. (ओतलेलं मोरीत टाकू नका, आत जाऊन घट्ट होतं आणि मग प्लंबर बोलवा.) मग पोळ्या गुंडाळायचा फॉइल ग्लासाच्या तोंडावर कडेनं दाबून बसवायचा, मध्ये लिंबाएवढं भोक ठेवायचं आणि पेटवायची. गरमी आत कोंडते आणि कडेचं मेण हळूहळू खाली बसायला लागतं. तास दीड तास लागतो, तिथंच बसा, उठून जाऊ नका, आणि फॉइल काढताना फडकं घ्या, चांगलाच तापलेला असतो. एका बैठकीत सगळं सपाट नाही झालं तर गार करून दुसऱ्या दिवशी परत.

काच काळी होते ती लांब वातीनं आणि वाऱ्यानं. दर वेळी पेटवण्याआधी, मेण गार असताना, जळालेलं टोक कापून टाकायचं, पाच-सहा मिलिमीटर ठेवायचं. पंख्याखाली आणि उघड्या खिडकीत ठेवायची नाही. फू करायचं नाही, चिमट्यानं वात वितळलेल्या मेणात बुडवायची आणि लगेच परत उभी करायची, धूर येत नाही आणि वातीला मेण लागल्यानं पुढच्या वेळी पटकन पेटते. एका वेळी चार तासांच्या वर नको. तळाला सेंटीमीटरभर मेण उरलं की बंद, नाहीतर काच तडकायची भीती.

किमतीचं म्हणाल तर मेणाचे पैसे त्यात फार नसतात. दिप्तिक 1961 साली पॅरिसमध्ये निघालेलं दुकान, आधी कापडं आणि शोभेच्या वस्तू विकायचे, मेणबत्त्या 1963 ला आल्या. पैसे जातात ते अत्तरासारखा वास जुळवण्याला, ग्लासाला आणि नावाला. आम्ही शंभर ग्रॅम मेणाला सहा ते दहा ग्रॅम सुगंधी तेल घालतो, त्याच्यावर घातलं की वास वाढत नाही, तेल वर सुटतं आणि वात नीट जळत नाही.

रिटायर्ड_मास्तर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली आहे. कुबट वासावर मेणबत्ती हा उपाय नव्हे. मेण जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, वजनानं बघाल तर जळालेल्या मेणापेक्षा जास्तच. 190 ग्रॅमची ही मेणबत्ती साठ तासांच्या आसपास चालते, म्हणजे तासाला तीनेक ग्रॅम मेण आणि चारेक ग्रॅम वाफ. चमचाभर पाणी, त्यानं घर ओलं होणार नाही, पण कोरडंही होणार नाही. वास येतो बुरशीचा. कौलं कुठं सरकलीत का बघा, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ओढा, उघडीप पडली की समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडा. बुरशी तशीच ठेवून वर गुलाब फवारला तर दोन्ही वास मिळून येतात, ते आणखी वाईट.

घरात कुणाला दम्याचा त्रास आहे काय?

शहापूरची_सून
मेणवाली ताई, फॉइल लावून बसले होते, बरंचसं सपाट झालं! एका बाजूला अजून कड राहिलीय, उद्या परत. आणि वास सोप्यातून स्वयंपाकघरापर्यंत गेला, एवढा तर पहिल्यापासून कधी आलाच नव्हता.

मास्तर, सासूबाईंना उदबत्तीचा धूर चालत नाही, खोकला येतो. ही चालते म्हणतात.

रिटायर्ड_मास्तर
धूर कमी दिसतो, नसतो असं नाही. सोया असो, पॅराफिन असो, नाहीतर मधमाशीचं मेण, ज्योत फडफडली की काजळी आलीच. आणि सुगंधाचा त्रास धुराशिवायही होऊ शकतो. बंद खोलीत, त्यांच्या उशाशी लावू नका एवढंच. खोकला आला की विझवा, सवय होईल म्हणून वाट बघू नका.

कॅम्पातला
नणंदेच्या भेटीबद्दल. घरात रांगतं पोर किंवा मांजर असेल तर मेणबत्ती नकोच, काड्या घातलेला डिफ्यूजर (सुगंधी तेलाची बाटली, वास काड्यांतून येतो) द्या, तोही उंचावर ठेवायला सांगून, सांडला तर त्यातलं तेलही पोटात जायला नको. नसेल तर हजाराच्या आत हातानं केलेल्या चांगल्या मिळतात. खोक्यावर मेण कुठलं, वजन किती, वात सुती आहे का, हे लिहिलेलं बघा. नुसतं 'नॅचरल' आणि वर सुकलेलं फूल चिकटवलेलं असेल तर लांब राहा, वितळल्यावर ते फूल वातीपाशी येऊन पेटतं. वास दुकानात गार मेणाचा घेऊन ठरवू नका, पेटवल्यावर वेगळा येतो, जमलं तर पेटवलेलीचा घ्या. आपल्याकडं मोगरा नाहीतर चंदन घेतलेलं बरं, व्हॅनिला दोन दिवसांत गोड गोड होऊन डोकं उठतं. व्हॅनिलाचं मेण पुढं तपकिरीही पडतं, नणंदेला वाटायचं जुनी दिली.

अनगोळची_मेणवाली
फुलाचं शंभर टक्के खरं. लोक मागतातच तसल्या, फोटो चांगला येतो म्हणून, मी नाही करत. आणि सोया मेणावर थंडीत पांढरे डाग येतात, ती खराबी नव्हे, हे नणंदेला आधीच सांगून ठेवा.

शहापूरची_सून
पोर नाही, मांजर नाही, मोगरा ठरला. सासूबाई विचारायलेत की वाटीत काढलेलं मेण वात घालून परत वापरता येतं का, करंट गेल्यावर.

अनगोळची_मेणवाली
येतं. पणतीत ओता, सुती वात घाला, पण वात आधी मेणात भिजवून ताठ करून घ्या. मातीची पणती मेण पिते, म्हणून स्टीलची किंवा पितळेची घ्या, खाली ताटली ठेवा. आणि साध्या मेणबत्त्यांचं एक पाकीट दाराजवळच्या कोनाड्यात ठेवा, त्यांच्या हाताला लागेल असं.

कट्ट्यावरचा_गडी
आणि ती फ्रेंच बाई कुलपात.