ॲडलेडहून कूबर पीडी गाडीने: एक रात्र पुरेल का?

जूनमध्ये आम्ही दोघं ऑस्ट्रेलियात स्टुअर्ट हायवेने निघतोय. कूबर पीडीला एक मुक्काम पुरे होईल?

— दोन ठेवाच. १९१५मध्ये तिथे ओपल हे रत्न सापडलं आणि उन्हाच्या तडाख्यातून सुटायला माणसं टेकड्या कोरून आत राहू लागली. आम्ही अशाच खोलीत झोपलो. भिंतींवर यंत्राच्या दातांचे गोल ओरखडे, हात फिरवला की बोटांना तांबूस धूळ. दिवा मालवला की मिट्ट काळोख! इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. जमिनीखालचं सर्बियन चर्च चुकवू नका.

— वाटेत पोर्ट ऑगस्टाला टाकी फुल्ल करा. पुढे सुमारे ५४० किलोमीटर, पंप मोजकेच. अंधार पडायच्या आत पोहोचा, कांगारू आडवे येतात.

— ताई, दोन रात्री पक्क्या!