चिंध्यांपासून कागद: ठाण्यात जुने कपडे गोळा करून हे साधेल का?

मूळ मांडणी (नौपाडा)
लाकडाच्या लगद्याचा कागद एकोणिसाव्या शतकात रुळला. त्याआधी युरोपातही कागद चिंध्यांचाच होत असे. कापसात सुमारे ९० टक्के सेल्युलोज असते आणि कागद पिवळा पाडणारे लिग्निन जवळजवळ नसते, म्हणूनच आपल्या नोटांचा कागद सुती असतो. पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था आहे, शेजारी भिवंडीत यंत्रमाग आहेत. असे असताना महापालिकेने सोसायट्यांमधून जुने कपडे गोळा करून लगद्याचे केंद्र का काढू नये?

प्रतिसाद (कोपरखैरणे)
कल्पना चांगली आहे, पण आपल्या कपाटात सूत उरले आहे किती? कापसाचा धागा पाण्यात कुटला की त्याचे तंतू फुलतात आणि वाळताना एकमेकांना घट्ट धरतात. पॉलिस्टर पाणीच पीत नाही, त्यामुळे मिश्र कापडाच्या लगद्याचा ताव ठिसूळ आणि गुठळ्यांचा निघतो. लायक्रा तर कुटण्याऐवजी ताणलाच जातो. शुद्ध सुती सदऱ्याची शिलाईसुद्धा बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते. बटणे आणि चेन काढून, हाताने चाचपून हे सगळे निवडणार कोण? ही पारख बोहारणीला आहे, पण तिला रोजगार देण्याचा उल्लेख आपल्या मांडणीत नाही.

प्रतिसाद (कल्याण)
रंगाचेही बोला. पांढऱ्या कागदाच्या हट्टापायी क्लोरीनने रंग उडवायचा आणि ते पाणी वालधुनीत सोडायचे, तर उल्हासनगरच्या जीन्स धुलाईने नदीचे जे केले त्यातच भर पडेल.

मूळ लेखक
घरगुती कपड्यांबाबत माझी चूक झाली, हे मान्य. शिलाई कारखान्यांतली कातरण मात्र एकाच कापडाची असते, तिला बटणे नसतात आणि ती रंगानुसार वेगळी ठेवता येते. जीन्सच्या कातरणीचा कागद निळाच राहू द्यावा, रंग उडवण्याची गरजच नाही. निवडीचे काम बोहारणींना मजुरीवर द्यावे, ही आपली सूचना मी मांडणीत घालतो.

प्रतिसाद (कोपरखैरणे)
मग हा घरच्या कचऱ्यावरचा उपाय उरला नाही, हे शीर्षकात तरी दुरुस्त करावे. शिवाय स्वच्छ सुती कातरण आजही फुकट पडून नसते. यंत्रे पुसायला गॅरेजवाले ती किलोने विकत घेतात. त्यांच्यापेक्षा जास्त भाव आपले केंद्र देऊ शकेल का, याचा हिशेब आधी मांडा. महापालिका स्वतःच्या फायली आणि प्रमाणपत्रे या कागदावर काढणार असेल, तर मी विरोध मागे घेईन.