मदत हवी आहे: मुलाच्या मृत्यूचा तपास ‘अकस्मात मृत्यू’वरच अडकलाय

दापोलीकडच्या एका वडिलांसाठी विचारतोय. १९ वर्षांचा मुलगा एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थामुळे गेला असा संशय आहे, पण नोंद बीएनएसएस (नवी फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम १९४ खालीच, म्हणजे अकस्मात मृत्यूची. व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे भाग) तपासणीला पाठवलाय. बरणीत मिठाचं संपृक्त द्रावण होतं की फॉर्मेलिन? फॉर्मेलिन असेल तर अमली पदार्थ सापडणं अवघड होतं. रक्तात सोडियम फ्लोराइड (नमुना टिकवणारं रसायन) घातलं होतं का, हेही कळायला हवं. पाठवणीच्या पत्राची प्रत कशी मिळवायची?

पुरवणाऱ्याचे चॅट मुलाच्या फोनवर आहेत. फोन कुणी चाळू नये, पंचनाम्यानेच सील व्हावा, असं घरच्यांना बजावलंय.

एसपींना बीएनएसएस १७३(४)चा अर्ज (ठाण्यात गुन्हा नोंदवत नाहीत म्हणून) पोस्टाने गेलाय. आता १७५(३)खाली तपासाचा आदेश मागायला मॅजिस्ट्रेटकडे जाताना एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) सोबत बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, मागावं का? असे खटले चालवलेला रत्नागिरी-खेडकडचा वकील कुणाच्या माहितीत आहे? सीसीटीव्हीवर नवं रेकॉर्डिंग चढायच्या आत कळवा.